एकाच घरातल्या दोन बायका

“विनय, तू सांग. ही दोन माणसं आहेत की एकच?” कॅरनने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

कॅरन आमची डायरेक्टर. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालली होती. नव्या डेटा टीमचा लीड कोण, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. उमेदवार दोनच. एक मी. दुसरी समोर बसलेली केतकी. लंडनच्या हॅरोत जन्मलेली, वयाने माझ्या मुलीएवढी.

स्पष्टच सांगतो, मी तिच्यावर जळत होतो. माझ्या डेस्कसमोरून कॅरन कॉफीचा कप घेऊन जायची, तो केतकीसाठी. अडचण आली की पोरं तिच्याकडे धावायची. वर ही बया मला सगळ्यांदेखत ‘काका’ म्हणायची. आदराने म्हणायची हो, पण त्यामुळे अख्खा फ्लोअर मला ‘काका’ म्हणायला लागला. लीड व्हायला निघालेल्या माणसाला हे कसं परवडणार?

आमची कंपनी चष्म्यांची. मी लागलो तेव्हा दुकानांचा डेटा टेपवर भरून व्हॅनने यायचा. मग सर्व्हर आले. मग कंपनीने लहान-मोठ्या साखळ्या विकत घेतल्या, प्रत्येकीचं सॉफ्टवेअर वेगळं. मग वेबसाइट, अ‍ॅप, डोळ्यांचे स्कॅन. आता ते सगळं क्लाउडमध्ये. याला बिग डेटा म्हणतात. साध्या भाषेत, एका मशीनमध्ये मावेनासा झालेला पसारा.

या पसाऱ्यात एकच गिऱ्हाईक चार ठिकाणी विखुरलेलं असतं. त्याचे तुकडे जोडण्याला आम्ही मॅचिंग म्हणतो. हे नुसतं टापटिपीचं काम नाही. डोळ्यातलं प्रेशर वर्षानुवर्षं हळूहळू चढत असेल, तर ते सगळे रिपोर्ट एकत्र पाहिल्यावरच कळतं.

मॅचिंगचे नियम माझे होते. जन्मतारीख तीच आणि पहिलं नाव तेच, तर माणूस तोच. आडनाव वेगळं असलं तरी चालेल, बायका लग्नानंतर बदलतात. केतकी नियम लिहीत नव्हती. तिने मॉडेल बनवलं होतं. म्हणजे आधी जुळलेल्या जोड्या मशीनला दाखवायच्या, आणि पुढचं त्याने स्वतः शोधायचं.

तिच्या मॉडेलने ‘माणूस एकच’ म्हणून काही विचित्र जोड्या काढल्या होत्या, त्याच आता स्क्रीनवर होत्या. बहुतेक भारतीय बायका. जन्मतारीख एक, पत्ता एक, चष्म्याचा नंबर जवळपास एक. पण नाव वेगळं आणि आडनावही वेगळं.

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडली एकदाची चूक!

“दोन वेगळ्या बायका,” मी ठासून सांगितलं. “आमच्याकडे मावस-मामे बहिणी एका घरात राहतात. आणि जन्मतारखेचं म्हणाल तर शाळेत नाव घालताना हेडमास्तर सरसकट एक जून लिहून टाकायचे. हे इथे जन्मलेल्यांना ठाऊक नसणार. मॉडेलला तर नाहीच नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. भारतीय घराबद्दल भारतीय माणूस बोलतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? शेवटच्या टोमण्याने केतकीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “काका, सगळे तारखा एक जून नाहीत. आणि हे बघा ना, पहिली बाई येणं बंद झाली, की मग दुसरी चालू होते. दोघी कधीच एकदम नाहीत.”

“म्हणजे एक इंडियाला परत गेली असेल.”

“सगळ्याच घरात?” तिने स्क्रीनवरची यादी खाली सरकवली. मग अगदी हळू विचारलं, “काकूंचा नाव लग्नाआधी काय होता?”

मी स्क्रीनवरच्या जोड्या पुन्हा पाहिल्या.

माझी बायको मधुरा. लग्नाआधी सुनंदा. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव मीच लिहिलं होतं, आईने निवडलेलं. व्हिसाची घाई होती, म्हणून ती इथे आली जुन्या पासपोर्टवर. जीपीकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे सुनंदा. पासपोर्ट बदलला आणि सगळीकडे मधुरा. आणि मी, शहाणा, नियम काय लिहून बसलो होतो? बाईचं पहिलं नाव कधी बदलत नाही!

“माझा आईचं पण तसंच झालं,” केतकी म्हणाली.

“काय म्हणतेय ती?” कॅरनने विचारलं.

केतकीने ते सांगायचं माझ्यावर सोडलं. ती मुद्दाम मराठीत बोलली होती, माझी लाज राखायला. त्याचाच मला जास्त राग आला. इतका चांगुलपणाही हिच्याकडेच असावा?

“एकच बाई आहे,” मी म्हणालो. “माझा नियम चुकलाय.” मग लग्नात नाव बदलण्याची पद्धत कॅरनला समजावून सांगावी लागली. तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे पहिलं नावसुद्धा?” तिने दोनदा विचारलं.

लीड केतकी झाली. घरी सांगितलं, तर बायको म्हणते, “हुशार दिसतेय पोरगी. रविवारी जेवायला बोलाव.” जिवावर आलं, पण बोलावलं.

भरली वांगी वाढून होत होती. केतकीने सहज विचारलं, “काकू, तुम्हाला कुठला नाव जास्त आवडतो?”

“सुनंदा,” बायको म्हणाली. क्षणभरही विचार केला नाही. उत्तर कधीचं तयार असावं. मग दोघी हसत बोलत राहिल्या आणि मी ताटाकडे बघत वांगं चिवडत बसलो. इतक्या वर्षांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. पोस्ट गेली तेव्हाही मला केतकीचा एवढा हेवा वाटला नव्हता.

टीममध्ये नवीन कोणी आलं की मॅचिंग मीच शिकवतो, हे काम केतकीने माझ्याकडेच ठेवलंय. मी त्यांना सांगतो, माणूस समोर बसलेला असेल तर आधी त्याला विचारा. नियम नंतर लिहा.