ज्योतिष्याच्या दाराशी बसणारी बाई

सकाळी फिरून झालं की आम्ही चौघी मैत्रिणी बागेतल्या बाकावर बसतो. सध्या विषय एकच, भविष्य सांगून लुबाडणाऱ्या टोळीची टीव्हीवरची ती मालिका. काल त्यातला ज्योतिषी पकडला गेला, त्यामुळे आज नुसता गलका होता.

"काहीही दाखवतात! शिकलेली माणसं इतकी फसतात होय?" उषा म्हणाली.

एरवी गप्प असणाऱ्या सुलभाताई एकदम बोलल्या, "मी फसलेय. आमचे हे आजारी होते तेव्हा. एका ज्योतिष्याने मी न सांगताच माझ्या मुलीचं नाव ओळखलं आणि मी हातातल्या पाटल्या काढून दिल्या."

"पण नाव कळलं कसं त्याला?" उषानं विचारलं.

"बाहेर एक बाई बसायची. पाणी द्यायची, मायेनं चौकशी करायची. तिला मीच सगळं सांगितलं होतं!"

माझ्या मनात आलं, माणूस तिथे भविष्य ऐकायला जातो, की आपलं कुणीतरी ऐकावं म्हणून?

उषाचा चेहरा उतरला होता. "मी ज्या ज्योतिष्याकडे जाते, तिथेही अशीच एक बाई आहे," ती हळूच म्हणाली. "आज अकराला परत बोलावलंय."

सुलभाताई ताडकन उठल्या. "चल, मी येते. आधी पोलीस चौकीत जाऊ."

आम्ही दोघीही घाईघाईनं चपला चढवून त्यांच्यामागे निघालो.