अल खर्जचे युसुफ अंकल

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा. आज प्रयोगशाळेत तापत्या दुधाचा वास आला आणि सौदीतल्या अल खर्जची डेअरी आठवली; अब्बा तिथे कामाला होते.

नोकऱ्या सौदींना द्यायच्या म्हणून तेव्हा तिथला प्रत्येक परदेशी कामगार आपल्या जागी येणाऱ्या सौदी मुलाला शिकवत होता. आपली नोकरी टिकावी म्हणून अब्बा निम्मंच शिकवत. कृष्णवर्णीय अमेरिकन मेकॅनिक युसुफ अंकल, बायको-मुलींसह पंधरा वर्षं तिथे रुजलेले, यंत्र उघडून सगळं दाखवत.

“युसुफभाई, नोकरीबरोबर इथे राहायचा परवाना, इकामाही जाईल. पोरींना कुठे नेणार?” अब्बांनी माझ्यासमोरच विचारलं.

“या पोराला यंत्र जमलं नाही तर दूध नासेल,” अंकल म्हणाले. “माझ्या मुली तेच पितात.”

वर्षभरात त्यांना देश सोडावा लागला. तेव्हा ते मला भोळे वाटले. आता तसं वाटत नाही.

काल अब्बांचा फोन आला. युसुफ अंकलची थोरली मुलगी डॉक्टर होऊन अल खर्जला रुजू झालीय, आणि अंकल तिच्या इकाम्यावर परत आलेत.