ओट्यावरचं आरमार

किश्श्यांचं धान्यासारखं असतं. मूठमूठ टाकत जावं, एक दिवस कणगी भरलेली दिसते! अमळनेरच्या आमच्या ओट्यावरचे किस्से असेच साठलेत.

रविवारी, सोमवारी तिथं चहा आणि वाद. आमचे हे शाळामास्तर, शेजारचे शेतकरी नाना, एक वकीलसाहेब आणि माझे धाकटे दीर वसंतभाऊजी. समुद्र एकानंही पाहिलेला नाही, आणि वाद कशावर? देशाला आरमार कशासाठी!

* * *

नाना म्हणाले, "आपला गावले समुद्र ना किनारा! आरमार कसाले जोयजे?"

हे म्हणाले, "नाना, तुमचा कापूस बोटीनं जातो, घासलेट बोटीनं येतं. ती वाट कोण राखणार?"

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग ठेवा आरमार! घासलेट ते जोयजेच!"

* * *

एकदा भाऊजींनी माझ्या रांगोळीनं फरशीवर किनारा काढला, वर सुपाऱ्यांची जहाजं मांडली. "लढाई जिंकणं हे दुसरं काम, वकीलसाहेब. शत्रूला यावंसंच वाटू नये, हे पहिलं!"

माझी पूजा खोळंबली होती. मी सुपाऱ्या उचलल्या.

वकीलसाहेब ओरडले, "अरे, आरमार घरातूनच बुडालं!"

सगळे हसले. मीही हसले. आता ते हसू आठवलं की कसंसं होतं.

* * *

कारण पुढे भाऊजींना खरंच नौदलाचं बोलावणं आलं. मामंजींचं मन होईना. शेवटी म्हणाले, "आईमागं हिनं वाढवलंय त्याला. सूनबाई, तूच सांग. जाऊ दे?"

नेमका सोमवार. सोमवारी दिवे लागेपर्यंत माझं मौन. पण त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात नाही! मी खाली पाहिलं.

"नको म्हणतेय," मामंजी म्हणाले, आणि तिथल्या तिथं नकाराचं पत्र लिहून टपालात गेलं.

व्रत जिभेचं होतं. हात मोकळे होते, रांगोळी समोर होती. एक अक्षर काढता आलं असतं. देव रागावला नसता.

* * *

भाऊजी बोदवड स्टेशनावर मालबाबू झाले. नानांनी विचारलं, "काय भाऊ, तुनं आरमार?"

"आहे ना! कापसाच्या गाठी भरलेल्या चाळीस वाघिणी. फक्त रुळांवरून चालतं!"

नाना हसले नाहीत.

* * *

काही वर्षांनी भाऊजी कामासाठी मुंबईला गेले आणि येताना माझ्या पूजेला बाटलीभर समुद्राचं पाणी घेऊन आले.

"वहिनी, निळं नसतं हो. बाटलीत भरलं की साधंच दिसतं."

मला राहवलं नाही. "भाऊजी, त्या दिवशी मी 'जा' म्हणणार होते!"

त्यांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं.

"वहिनी, आज सोमवार! दिवे तरी लागू द्यायचे!"