एका पिशवीतल्या दोन बरण्या

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. देवऋष्याकडे जाणाऱ्यांना मीच हसायचो. शिक्षण आठवीपर्यंत, चूकभूल माफ करा.

आम्ही सांगलीकडचे. पोटासाठी इकडे पुरुषोत्तमनगरला आलो, मी वेल्डिंग करतो. मागच्या वर्षी बायकोच्या अंडाशयाची गाठ शहाद्याला काढली. इथे गाठ औषधाच्या पाण्यात घालून नातेवाइकाच्याच हातात देतात — सुरतेच्या लॅबला पोचवायची. बायको अजून भुलीत होती. मी निघालो तर अक्कलकुव्याच्या डोंगरातला एक माणूस आडवा आला. त्याच्या बायकोचंही तेच ऑपरेशन झालेलं.

"दादा, मन्ही बायकोनी बरणी बी लई जा ना. माले सुरत माहीत नही."

दोन्हींवर डॉक्टरांनी नावं लिहिलेली. बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

कंडक्टर म्हणाला, "काय भाऊ, सासरवाडीले लोणचं का?"

मी हो म्हटलं. अक्कलकुवा सोडलं आणि मनात आलं... देवा, वाईट निघायचंच असेल तर दुसऱ्या बरणीत निघू दे. ओठसुद्धा हलले नव्हते माझे.

परत आलो तर बायको जागी होती. माझ्याकडे बघेना.

"दुसरीचं वाईट कशाला मागितलंसा?"

मी विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की! हितं खाटेवर बसून बोलत हुतासा."

सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "कोणी आलंच नाही, काका."

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघा नवऱ्यांना बसवून समजावलं. दोन्ही गाठी एकाच दुर्मिळ जातीच्या, पण पुढचं सारखं नसतं. माझ्या बायकोच्या गाठीचं आवरण शाबूत, पेशी सावकाश वाढणाऱ्या. पुन्हा होण्याची भीती कमी. दुसरीचं आवरण फुटलेलं, पेशी भराभर वाढणाऱ्या. तिला केमो लागणार होती.

बाहेर आल्यावर त्या माणसाने माझे दोन्ही हात धरले. "तू लई गया म्हनीसन येळवर समजनं, दादा."

डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. जे होतं ते गाठीत आधीपासूनच होतं, माझ्या मागण्याने काही बदललं नाही, हेही कळतं. पण बसमधलं मनातलं बोलणं तिच्या खाटेपर्यंत पोचलं कसं... कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

बायको अजून विचारते, "त्यास्नी सांगितलंसा का?"

नाही सांगितलं.