ग्राफिक्स कार्डाऐवजी स्टिअरिंग

नवरा घरी बसल्यापासून आमच्या स्कूटरची चाकं रोज निघत होती. नट ढिले करायचे, ड्रम पुसायचा, नट आवळायचे. स्कूटर झाली की फाटकाच्या बिजागऱ्या, त्या झाल्या की नळाचा वायसर. मी कामावरून आले की घरात काहीतरी उघडून ठेवलेलं असायचंच. टीव्ही लावून दिला तर जाहिरात लागताच उठायचा, फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा.

बावीस वर्षं त्याने केळीचा ट्रक चालवला. चोपड्याला माल भरायचा आणि दिल्लीकडे सुटायचं. केळी पिकायची थांबत नाही, म्हणून ड्रायव्हरही थांबत नाही. जेवण उभ्याने, झोप स्टिअरिंगवर. साखरेच्या आजाराने उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याला आता नुसता उजेड आणि अंधार कळतो. डावा शाबूत आहे. अवजड गाडी बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पण लायसन्सची मुदत शिल्लक होती आणि धुळ्याचे ट्रान्सपोर्टवाले शेठ फोन करायचे. माणूस वाईट नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत, ही त्यांची अडचण खरी होती. लांब जाऊ नका म्हणायचे, फक्त चोपड्याहून धुळ्यापर्यंत गाडी आणून द्या, पुढे दुसरा नेईल. नवरा त्यांना कधी नाही म्हणाला नाही. "बघतो" म्हणायचा. मला त्या 'बघतो'ची धास्ती होती. घरात करमेनासं झालं की एक दिवस हा माणूस पायात चपला सरकवून निघून जाईल आणि मला फोन महामार्गावरून येईल, हे मला दिसत होतं.

धुळ्याला नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याच्या कॉम्प्युटरवर त्याने ट्रक चालवण्याचा गेम पाहिला. भाच्याने त्याला खुर्चीत बसवलं. बाणांच्या बटणांवर ट्रक चालवायचा होता. चहा गार झाला, नणंदेने दुसरा केला, तोही गार झाला. टेबलाखाली त्याचा डावा पाय फरशीवर क्लच दाबत होता. नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला असं एका जागी बसलेलं मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं." परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं.

मी पाइपच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. बोल्टपासून क्रेनपर्यंत काहीही घ्यायचं तर तीन ठिकाणचे भाव मागवते आणि सगळ्यात कमी असेल तिथे ऑर्डर देते. माझ्याकडे मुदत संपलेल्या आवर्त ठेवीचे सत्तर हजार होते. त्याच्यावर जायचं नाही असं ठरवून मी जळगावातल्या तीन दुकानांतून प्रत्येक भागाचे भाव आणले. प्रोसेसर एकाकडचा, मदरबोर्ड दुसऱ्याकडचा, रॅम तिसऱ्याकडची. प्रत्येक ओळीतला कमीत कमी भाव निवडला आणि तो हिशोब घेऊन पहिल्या दुकानात गेले.

दुकानदार माझ्याच वयाचा होता, बोलघेवडा. त्याने कागद वाचला, चष्मा वर केला. "भाभी, सगळा माल चांगला आहे," तो म्हणाला. "फक्त कुणी कुणाला ओळखत नाही."

प्रोसेसर एका जातीचा होता आणि मदरबोर्ड दुसऱ्या. दोन्ही एकमेकांत बसणारच नव्हते. रॅमही जुन्या पिढीची निघाली. मला राग आला, कारण कारखान्यात असा मेळ न बघता कुणी ऑर्डर दिली असती तर मीच त्याची खरडपट्टी काढली असती. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, आधी स्वस्त काय ते सांगू नका, आधी कशाला काय चालतं ते सांगा.

मग आठवडाभर माझ्या डोक्यात तेच. डबा खाताना, बसमध्ये, भाकरी थापताना. प्रोसेसरवर बचत केली तर गेम अडकतो. पॉवर सप्लायवर केली तर आमच्या भागातल्या विजेच्या चढउतारात आतला सगळा माल एका झटक्यात जातो, म्हणून तिथे मी हात आखडता घेतला नाही. कॅबिनेटवरून घरात भांडण झालं. नवऱ्याला समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेलं हवं होतं. ट्रकलाही त्याने असेच दिवे लावले होते. मी म्हटलं, मे महिन्यात आपल्याकडे बंद खोलीत माणूस शिजतो, मग काचेच्या पेटीत यंत्राचं काय होईल? पुढून जाळी असलेलं काळं, बिनदिव्याचं घेतलं. तो दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

खरी अडचण स्टिअरिंगची होती. दुकानदाराने स्वस्तातलं काढून टेबलाला लावलं. नवऱ्याने ते धरलं, डावीकडे फिरवलं. अर्धा फेराही न होता खट्‌कन अडकलं.

"हाई खेळणं शे," तो म्हणाला आणि हात काढून घेतला. त्याची बोली धुळ्याकडच्या गावची. लोकांपुढे तो ती सहसा बोलत नाही.

दुकानदाराने मग वरच्या फळीवरचा मोठा खोका उतरवला. हे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे फिरत होतं, हाताला ओढ देत होतं. तीन पेडल, बाजूला गिअरचा दांडा. नवऱ्याने क्लच दाबला, गिअर टाकला, पुन्हा दाबला, पुन्हा टाकला. कॉम्प्युटर जोडलेलाच नव्हता, पण तो उठेना. किंमत ऐकून मी उठले.

बाहेर रसवंतीवर उभी राहून पुन्हा बेरीज केली. एकच वस्तू अशी होती की जी काढली की स्टिअरिंग सत्तर हजारांत बसत होतं, ती म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड. परत आत गेले आणि विचारलं, चित्र प्रोसेसरनेच काढायचं असा काही प्रकार मिळतो का? मिळत होता. दुकानदाराचं तोंड मात्र उतरलं. गेमिंगचं मशीन आणि कार्ड नाही, असं त्याने कधी विकलं नव्हतं म्हणे. झाडं धुरकट दिसतील, डोंगर पुठ्ठ्याचे वाटतील.

"ड्रायव्हर झाडं बघत नाही," नवरा म्हणाला.

मशीन घरी आलं, पुढच्या खोलीत टेबलावर मांडलं. पाण्याच्या कूलरचं तोंड मी तिथून वळवलं, ओली हवा यंत्राला नको. स्कूटरची चाकं जागेवर राहू लागली. महिनाभर मला वाटलं, जमलं. मालाने भरलेला मोठा ट्रेलर तो अरुंद गल्लीतून उलटा घ्यायचा आणि भिंतीला घासू द्यायचा नाही. एकदाही ठोकला नाही. मी भाजी चिरता चिरता बघायची आणि मनात म्हणायची, पैसे वसूल.

मग एका सकाळी मी कामाला निघताना त्याने सांगितलं, शेठना हो म्हटलंय. उद्या चोपड्याहून धुळे.

मी पर्स खाली ठेवली. डोळ्याचं काय, विचारलं. त्याने स्टिअरिंगकडे हात केला. महिनाभर एकाच डोळ्याने चालवतोय, एक तरी ओरखडा दाखव. "माले बठ्ठं दिखस," तो म्हणाला. मला सगळं दिसतं. मी पर्स उचलून बस गाठली. त्याला घरात धरून ठेवायला मी जे आणलं, त्यानेच त्याला बाहेर जायचं बळ दिलं होतं.

दिवसभर कारखान्यात माझं लक्ष नव्हतं. एका पुरवठादाराला दुसऱ्याचा भाव सांगून बसले. डॉक्टरांना फोन लावायचा, शेठना लावायचा, की लायसन्स लपवायचं, असं काय काय डोक्यात आलं. शेवटी घरी जाऊन सरळ भांडायचं ठरवलं.

घरात शिरले तेव्हा तो ट्रेलर मागे घेत होता. मी त्याच्या उजव्या हाताला, खांद्यापाशी जाऊन उभी राहिले. तो वळून बघेल, मग सुरू करू, असं मनात होतं. तो बघेना. मला वाटलं, मुद्दाम बघत नाही. पर्स या हातातून त्या हातात घेतली. तरी नाही. गेमच्या इंजिनाचा आवाज मोठा होता. मग मी हात उचलला आणि त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला, वीतभर अंतरावर, पंजा उघडून धरला. बोटं हलवली. त्याचं स्टिअरिंग शांतपणे फिरत होतं.

मी पंजा त्याच्या हातावर ठेवला. तो खुर्चीत उडाला.

"कधी आलीस?"

"कधीची उभी आहे," मी म्हटलं. "एवढी मोठी बाई तुम्हाला दिसली नाही. उजवीकडून मोटरसायकलवाला घुसला तर कसा दिसणार?"

त्याने आधी पडद्याकडे बघितलं, मग मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. पडदा इनमीन दोन वीत रुंद, सगळाच्या सगळा त्याच्या डाव्या डोळ्यासमोर मावत होता. त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. बावीस वर्षं ज्याने उजवीकडून ओव्हरटेक करणाऱ्यांना शिव्या दिल्या, त्याला उजवी बाजू म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. पेडलवर पाय तसाच राहिला होता. ट्रेलर मागे मागे गेला आणि भिंतीवर आदळला.

त्याने फाटकाबाहेर जाऊन फोन केला. मी खिडकीतून ऐकलं. "शेठ, दुसरा माणूस बघा," एवढंच. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं, हा नुसता हं हं करत होता. मग म्हणाला, "उद्याचं नाही, शेठ. कायमचं सांगतोय."

आठवडाभर त्याने मशीनला हात लावला नाही. स्कूटर पुन्हा उघडली गेली. नंतर एका संध्याकाळी मी आले तर टेबल जागेवर नव्हतं. त्याने ते कोपऱ्यात ओढून नेलं होतं. आता खुर्चीची उजवी बाजू भिंतीला टेकते, तिथे कुणाला उभं राहता येत नाही. पडद्यावर तो नागपूरकडे की कुठेसा माल घेऊन निघाला होता. मी डाव्या बाजूने जाऊन चहा ठेवला. टेबलामागे झाडू जात नाही, तेवढं मात्र त्याला सांगितलंय.