भावाच्या नावाचे माठ

आमच्यात बाईनं माती मळावी, राख आणि लीद चाळून तीत मिसळावी, माठ वाळत घालावेत, डोक्यावरून बाजारात न्यावेत. चाकाला मात्र हात लावायचा नाही. लावला तर म्हणे भट्टीत माल फुटतो. माल तसाही फुटायचा, पण तो पुरुषांच्या हातचा, म्हणून त्याला कोणी काही म्हणत नसे.

वहिनी गडचिरोलीकडची. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं हिलाच चाकावर बसवलं होतं. लग्नानंतर हे आईला कळलं, तेव्हा तिनं वहिनीच्या माहेराचा यथेच्छ उद्धार केला.

मग भाऊ दारू पिऊन मोटरसायकलवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, तरी हातात जोर आला नाही. त्यातच जंगलाकडच्या एका रिसॉर्टनं माठ आणि सुरया मागवल्या. आईनं सगळे नियम गुंडाळले आणि वहिनीला चाकावर बसवलं, दार लावून. कोणी आलं की ती उठून मातीत पाय घालायची आणि भाऊ चाकापाशी बसायचा. माठ असे देखणे उतरले, की शेजारीपाजारी पोराचा हात सुधारला म्हणू लागले. आई खुशाल मान डोलवायची.

एकदा वहिनीनं सुरईच्या गळ्याला बारीक वेल काढली, माहेरी काढायचे तशी. आईनं ती ओली सुरई तिच्यासमोर मुठीनं चेपली. "नवऱ्याच्या हातचं दिसलं पाह्यजे," म्हणाली आणि तोच चिखल परत मळायला दिला. वहिनीनं मळला. मला इतका संताप आला की चाळणी आपटून उठले. कोणी विचारलंसुद्धा नाही.

पुढे रिसॉर्टचा मॅनेजर घरी आला. पाहुण्यांसमोर बसून माठ करणारा कुंभार त्याला कायमचा हवा होता, आणि आधी एकदा काम बघायचं होतं. हे जमलं तर घर चालणार, नाही तर भाऊ माजरीच्या कोळसा खाणीवर ठेकेदाराकडे जाणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भाऊ बसला. गोळा मध्यावर येईना. काठ उचलला की एका बाजूनं बसायचा. पुन्हा घेतला, पुन्हा बसला. वहिनी शेजारून नवे गोळे देत होती, छान मऊ मळलेले.

मॅनेजर भला माणूस. वहिनीच्या हातांकडे बघत म्हणाला, "बाई, तुम्हाला येतं का? आमच्याकडे बाई असली तरी चालेल."

आईनं डोळ्यांनी खुणावलं, चाकावर बस म्हणून. भाऊ तर जागा सोडून उठलाच.

"मले नाई येत, साहेब," वहिनी म्हणाली. "मी फक्त माती मळतो."

त्याची गाडी वळली तशी आई तिच्यावर धावली. "काऊन खोटं बोलली वं तू?"

"खोटं कुठी बोलली मी? तुम्हीच तं गावभर हेच सांगत होत्या."

मला तेव्हा भावाची कीव आली, आणि वहिनीची भीती वाटली.

भाऊ आता माजरीला जातो. चाक आईनं विकून टाकलं. ते नेलं त्या दिवशी वहिनीला घास उतरला नाही, आणि आई तिच्यासमोर बसून पोटभर जेवली.