खिडकीचे दोन हजार: हजिऱ्याहून दीवला, एका केबिनमध्ये दोघी

जहाजावर जायचं ठरलं ते खोलीपायी. सुरतेत, उधन्यात, आमच्या गल्लीच्या टोकाला एक खोली रिकामी झाली होती. भाडं चार हजार, मोरी आतच. मी आणि सिंधू, दोघींचे नवरे गेलेले, दोघींची पोरं कारखान्यात, आणि दोघी आपापल्या सुनेच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी झोपतो. घरबसल्या साड्यांचे धागे कापायचं काम करतो, त्यात निम्मं-निम्मं भाडं निघतं. सिंधू म्हणाली, "घेऊन टाकू ना दोघी मिळून."

घेऊन टाकू म्हणायला काय जातंय? मी अमळनेरकडची, ती जालन्याकडची. तीस वर्षांची ओळख, पण एका छपराखाली एक रात्र काढलेली नाही. गल्लीतली मैत्री सोपी असते. भांडण झालं की आपापल्या दाराला कडी लावता येते. मी म्हटलं, आधी दोन रात्री एका खोलीत राहून बघू. पटलं तर खोली, नाही पटलं तर फिरणं तरी होईल. खोलीमालकाला रविवारपर्यंत थांब म्हटलं.

नातीने मोबाईलवर शोधून दिलं. गुरुवारी संध्याकाळी हजिऱ्याहून जहाज निघतं, शुक्रवारी दिवसभर दीव, शनिवारी सकाळी परत. दोघींची केबिन जेवणासकट सात हजार, खिडकीवाली नऊ.

"मला नको खिडकी," सिंधू म्हणाली. "पाणीच तर हाय. बादलीत बघीन."

मला मात्र खिडकी हवी होती. मग खिडकीचे दोन हजार माझे, बाकीचे निम्मे-निम्मे. तिचे साडेतीन, माझे साडेपाच. माझी भिशी नुकतीच लागली होती. याहून सरळ वाटणी कोणी करून दाखवावी.

जाणाऱ्यांसाठी सांगते. उधन्याहून थेट रिक्षा करू नका, पाचशे म्हणतो. बस धरून इच्छापोरला उतरा, तिथून जेट्टीपर्यंत शेअर रिक्षा मिळते. आधार कार्डाची झेरॉक्स नाही, खरं कार्ड लागतं. आणि चहाचा थर्मास घरून भरून न्या. जहाजावर चहा साठ रुपये आहे आणि त्यात चहा नाही.

केबिन म्हणजे दोन पलंग, मध्ये हातभर जागा, एका बाजूला खिडकी, समोरच्या भिंतीवर आरसा. जहाज हललं तशी मी खिडकीशी बसले. उन्हं उतरत होती, पाणी पितळेच्या परातीसारखं दिसत होतं. मागे वळून बघते तर सिंधू खिडकीकडे पाठ करून बसलेली, आणि तोंडभर हसतेय.

"काय बघतेस?"

"होडी चालली. लाल झेंड्याची."

मी खिडकीतून बघितलं. खरंच लाल झेंड्याची होडी.

"सिंधे, खिडकीचे पैसे माझे आहेत."

"मी कुठं खिडकीत बघायले? मी आरशात बघायले. आरसा निम्मा माझा हाय."

मी पडदा ओढला. आता तिलाही दिसेना आणि मलाही दिसेना. दहा मिनिटं आम्ही दोघी तशाच अंधारात बसलो. मग मी पडद्याच्या आत डोकं घालून समुद्र बघितला. मागून आवाज आला, "दोन हजारात डोकंच आत जातंय व्हय? मला वाटलं, सगळी मावशील."

हे असं चालणार नव्हतं. मी म्हटलं, वाटे घालू.

आमच्याकडे सणाला दहा घरं मिळून बोकड घेतात तेव्हा मटणाचे सारखे वाटे लावतात. एकजण वाट्यावर बोट ठेवतो, दुसरा पाठ करून उभा असतो. "हा कोणाचा?" विचारलं की न बघता नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्याने तो उचलायचा, तोंड वाकडं करायचं नाही. वाटे लावणारा असा पाहिजे की त्याला कुठलाही मिळाला तरी चालेल. आमच्या गल्लीत ते काम माझ्याकडे असतं.

मी केबिनमधल्या वस्तूंचे दोन वाटे केले. एकीकडे आरसा, जादाची उशी, एसीचं बटण. दुसरीकडे किटली, खिडकीकडचा पलंग, दाराची किल्ली. पाठ करायला तिसरं माणूस हवं, म्हणून शेजारच्या केबिनमधल्या हंसाबेनना हाक मारली. सुरतच्याच, जावेबरोबर आलेल्या.

"आ शुं करो छो, माशी?"

मी समजावलं. त्यांना पटलं. "आ रिवाज शेनो?" कशाचा म्हणून विचारलं.

"भोपळ्यांचा," मी म्हटलं. बाई जैन. समुद्रावर कशाला कोणाचा धर्म बुडवायचा.

हंसाबेननी पाठ करून पहिल्याच वाट्याला सिंधूचं नाव घेतलं. आरसा तिला गेला. आता ती कायदेशीर बघणार. पण तक्रार करायची नाही हा माझाच नियम.

पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही. हंसाबेन जावेला घेऊन आल्या. म्हणे, आमच्याही केबिनचे वाटे घालून द्या, ही न्हाणीघरात तासभर बसते. ते केलं. मग सुरतेच्याच पर्वत पाटिया भागातले दोन साडीवाले भाऊ आले. डेकवर दोघांना एकच खुर्ची हवी होती. जेवणाच्या घंटेपर्यंत माझ्यापुढे रांग लागली. कोणी केक घेऊन उभा, कोणी चार्जर घेऊन. एक नवं जोडपं आलं. पोरगा म्हणाला, "आजी, ही सगळी चादर ओढते." मी म्हटलं, "नवरा-बायकोचे वाटे मी घालत नाही. ते काम कोर्टाचं."

शेवटी पांढऱ्या कपड्यातले साहेब आले. "यहाँ क्या चल रहा है?" हंसाबेननी सांगितलं. साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. मग हळूच म्हणाले, "हमारे केबिन में भी दो लोग हैं, और पंखा एक है."

मी एका साहेबाला पंखा दिला, दुसऱ्याला त्याचं बटण. दोघांना एकमेकांची गरज पडली पाहिजे. नाहीतर एवढं मोठं जहाज हाकणार कसे?

सिंधू रांगेच्या बाजूला बसून शेंगदाणे खात होती. "समद्या जहाजाचं वाटून दिलंस," ती म्हणाली, "आपल्या खिडकीचं काय?"

खिडकीचं मला खरंच जमत नव्हतं. बोट कशावर ठेवणार?

शुक्रवारी दीव. उतरल्या उतरल्या जहाजावरचे पुरुष एका दिशेने गेले आणि संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत. दीवला काय मिळतं ते दारूबंदीच्या गुजरातेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. बायकांनी किल्ला बघितला. किल्ला चांगला आहे, वारा फुकट आहे, सावली नाही, टोपी न्या. रिक्षावाला चारशेत किल्ला, चर्च आणि समुद्रकिनारा फिरवतो, वाट बघायचे वेगळे मागतो, देऊ नका. सिंधू म्हणाली रिक्षाचे दीडशेच देईन, माझ्या पिशवीने तिची जागा खाल्ली. मी म्हटलं पिशवी तुझ्या मांडीवर होती. ती म्हणाली, तेच म्हणायले मी. शेवटी तिने एकशे पंचाहत्तर दिले.

दुपारी जेवायला जहाजावर आलो तर सिंधूचा शुक्रवारचा उपास. पनीर, जिलेबी, पुलाव, सगळं मांडलेलं, आणि बाई म्हणते, "माझ्या वाटणीचं तू खाशील, तर माझ्या जेवणाचे पैसे तू दे."

"मी एकच ताट घेतलंय."

"मग माझं ताट गेलं कुठं?"

"तू सात केळी खाल्लीस. मी मोजलीत."

"केळी मोजायलीस? तुझ्यासंग म्हातारपण काढायचं व्हय मी?"

  शेजारी हंसाबेन आणि त्यांची जाऊ एका चमच्यावरून भांडत होत्या, ते ऐकत जेवण उरकलं. मला वाटलं, गेली खोली. मालकाला काय सांगायचं तेसुद्धा मनात जुळवलं.

दीव सोडलं तशी लाट वाढली. उन्हं उतरायच्या वेळेला सिंधूचा चेहरा दुधीच्या सालीसारखा झाला आणि सगळी केळी परत आली. पहिली माझ्या चपलेवर. मी बादली धरली, तिचं डोकं धरलं, लिंबू हुंगवलं, फरशी पुसली. लिंबू आणि उलटीची गोळी घरून न्या, जहाजाचा दवाखाना दुसऱ्या टोकाला आहे.

जरा शांत झाल्यावर तिने बादलीतूनच विचारलं, "याचे किती झाले?"

दुसरी बाई असती तर म्हणाली असती, अगं, पैसे कसले. मी म्हटलं, "तीस."

"तीस? एवढ्याशा फरशीचे? धा."

"चप्पल धरून सांगितलेत."

"चप्पल जुनी हाय. पंधरा."

"वीस. आणि बादली तू धुवायची."

"वीस दिले," ती म्हणाली, आणि पुन्हा बादलीत वाकली.

मी तिची पाठ चोळत बसले. ते वीसमध्ये धरलं होतं. बाहेर अंधार पडायच्या आधी पडदा उघडून तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, कारण लांबची रेघ बघत बसलं की मळमळ कमी होते म्हणतात. तेवढा वेळ खिडकी तिच्याकडे होती. त्याचं काही लावलं नाही, औषधात गेलं.

शनिवारी सकाळी हजिऱ्याला उतरलो. तिने रुमालाची गाठ सोडून वीसची नोट दिली. फाटकी होती. मी बदलून मागितली, तिने दहाची दोन दिली, शिव्या देऊन.

मी घरी आले. सून म्हणाली, आई, कसा झाला प्रवास? मी म्हटलं, जेवण बेकार. ती म्हणाली, हो आई. मी म्हटलं, जेवण झकास. ती म्हणाली, हो आई. पोरगी वाईट नाही. माझ्या घरी सगळेच मला हो आई म्हणतात, टीव्हीचा रिमोट मागितला की देतात, आणि उठून जातात. दोन रात्रींत माझ्याशी जेवढं कोणी बोललं, तेवढं या घरात वर्षभरात बोललं गेलं नव्हतं.

रविवारी सिंधू दोन हजार घेऊन मालकाच्या दारात माझ्या आधी उभी होती. मी माझे दोन दिले. मुलगा सामान उचलायला आला होता. तो म्हणाला, "आई, नीट विचार कर. तुमची रोज भांडणं होतील."

"बाबा," मी म्हटलं, "त्याचंच तर भाडं भरतेय."